दोन नंबरच्या खोलीतली उशी

सुरुवातीलाच सांगून टाकतो. एका मंगळवारी सकाळी मी आमच्या रजिस्टरात एका काळ्या पिशवीपुढे ‘मोजली, कचऱ्यात सोडण्यास हरकत नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. ती पिशवी मी मोजली नव्हती. तिच्यातली एक वस्तू जिथे जायला नको होती तिथे गेली. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर कदाचित मी ती लिहिली नसती. पण ती चूक निस्तरताना मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याने एका बाईचं काम गेलं, नाव गेलं. माझं काही गेलं नाही, निदान तेव्हा तरी.

संपादकांनी माझ्याकडे अणुकचऱ्यावर माहितीपर लेख मागितला होता. माहिती देतो. पण नुसती माहिती दिली तर तेही एक प्रकारचं खोटंच होईल.

मी नवी मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होतो. नाव भारदस्त आहे. नेरूळला आमच्या सोसायटीत मला काही जण ‘अणुबाँबवाले काका’ म्हणत. प्रत्यक्षात माझं निम्मं आयुष्य कचऱ्याच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवण्यात गेलं.

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात. थायरॉइडच्या ग्रंथीला आयोडीन हवंच असतं, त्यामुळे तिच्या उरलेल्या पेशी ते ओढून घेतात आणि मरतात. पण सगळंच आयोडीन तिथे जात नाही. बाकीचं लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडतं. म्हणून रुग्णाला दोन-तीन दिवस जाड भिंतींच्या खोलीत एकट्याने राहावं लागतं. त्या काळात त्याने वापरलेली कागदी ताटली, टॉवेल, दात घासायचा ब्रश, सगळं आमच्या लेखी किरणोत्सर्गी कचरा.

या कचऱ्याचं करायचं काय? वाट बघायची. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, असं करत ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. तोवर पिशव्या तळघरातल्या कुलूपबंद खोलीत ठेवायच्या. मग मीटर लावायचं. निसर्गात सगळीकडेच थोडा किरणोत्सर्ग असतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापाशीही माझं मीटर जरा जास्त बोलेल. पिशवीपाशी ते नेहमीइतकंच बोललं तर लेबल फाडायचं आणि पिशवी साध्या कचऱ्यात सोडायची. तिथून ती डंपिंगला जाते. डंपिंगच्या मातीत काही जादू नाही. कचरा तिथे पोचण्याआधीच निवलेला असावा लागतो, आणि तो निवलाय अशी खात्री देणारा माणूस मी होतो.

हे मीटर फार प्रामाणिक असतं. एकदा न्हावा शेव्याहून एका क्लिअरिंग एजंटचा फोन आला. गेटवरचा किरणोत्सर्ग ओळखणारा खांब एका ट्रेलरवर वाजला होता. मागे रांग लागलेली, अधिकारी लांब उभे, ओळखीतून मला बोलावलेलं. मी कंटेनरभोवती दोन चकरा मारल्या. काही नाही. केबिनपाशी मीटर किंचित कुरकुरलं. ड्रायव्हर बाजूला चहा पीत उभा होता, त्याच्याकडे वळलो तर काटा उसळला. विचारलं तेव्हा म्हणाला, “कल ही तो दिल का स्कॅन हुआ साब, आप के ही हॉस्पिटल में.” स्कॅनसाठी टोचलेलं औषध त्याच्या अंगात अजून होतं. एजंट कपाळावर हात मारून म्हणाला, “म्हणजे माल क्लिअर आणि ड्रायव्हर होल्ड!” त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला ऐटीत सांगितलं, की अंदाज माणसं करतात, मीटर करत नाही.

आणि तरीही मी अंदाज केला.

त्याची सुरुवात एका निवृत्त मुख्याध्यापकांपासून झाली. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. दोन नंबरच्या खोलीत आयोडीन घेऊन ते पडले होते. आमच्या उशांना जाड प्लास्टिकची खोळ असते, घाम आणि लाळ आत मुरू नये म्हणून. पहिल्याच सकाळी त्यांनी इंटरकॉमवर मला धरलं.

“साहेब, रात्रभर कानाखाली कुणीतरी पापड भाजतंय.”

“गुरुजी, प्लास्टिक काढता येत नाही. नियम आहे.”

“नियम मीही पस्तीस वर्षं शिकवले. तुमच्या आयोडीनने कॅन्सर मरेल हो, पण त्याआधी मी झोपेवाचून मरेन.”

मी हसलो आणि खोळ काढायला परवानगी दिली. एक उशी तर आहे, तीन महिने कोंडून ठेवू, बिघडलं काय? ते घरी गेल्यावर खोली तपासली तेव्हा उशी अपेक्षेप्रमाणे जोरात वाजली. ती मी स्वतः तळघरात नेली.

आमच्या विभागात एक पद्धत होती. पिशवीवर आम्ही ती बंद केल्याची तारीख लिहीत नसू, ती सोडायची तारीख लिहीत असू. तळघरात कुणाला आकडेमोड करायला लागू नये म्हणून. कल्पना माझीच, आणि मला तिचं कौतुकही होतं. त्या दिवशी कोरी पिशवी हाताशी नव्हती. मांडणीवर एक अर्धी रिकामी पिशवी होती, दोन महिन्यांपूर्वीच्या कागदी झग्यांची. तिची सोडायची तारीख तीन आठवड्यांवर आलेली. मी उशी तिच्यात कोंबली. लेबल बदलायला पेन काढलं, तेवढ्यात वरून फोन आला. आयोडीन प्यायल्याबरोबर एका रुग्णाला उलटी झाली होती. आमच्याकडे याहून मोठी धावपळ नसते. मी पळालो. पुढचे दोन तास फरशी पुसण्यात आणि लोकांच्या बुटांना मीटर लावण्यात गेले. लेबल तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी तळघर भरलं होतं. नव्या पिशव्या जमिनीवर आल्या होत्या, प्रशासनाचे दोन निरोप येऊन गेले होते. मीटर अचूकतेच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलेलं, दुसऱ्या मीटरची बॅटरीची जागा गंजलेली. दोन दिवस थांबायचं, एवढंच करायचं होतं. पण लेबलांवर त्या दिवसाची तारीख होती आणि ती माझ्याच अक्षरात होती. माझ्या अक्षरावर माझा विश्वास होता. त्या मंगळवारी न मोजताच सहा पिशव्यांची लेबलं फाडली, रजिस्टरात सहा सह्या केल्या.

बुधवारी दुपारी मीटर परत आलं. ते खोक्यातून काढत असताना तस्नीम रजिस्टर घेऊन आली. तस्नीम आमची टेक्नॉलॉजिस्ट, उरणकडची, सात वर्षं माझ्याबरोबर काम करत होती. कामात माझ्याहून काटेकोर.

“सर, गुरुजींची उशी कुठल्या बॅगेत टाकलीत? इथे बॅग नंबरच नाहीय.”

मी मनात दिवस मोजले. बावीस दिवस. तीन वेळासुद्धा निम्मी झालेली नाही. सातवा हिस्सा अजून त्या उशीत आहे.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली. “गेली?”

“काल.”

“सर, मग रिपोर्ट करायला लागेल ना. आधी वर कळवायचं, मग शोधायचं. तुम्हीच शिकवलंय.”

“आधी शोधू. मिळाली तर कळवण्यासारखं काही उरणारच नाही.”

“सर, पण...”

“तस्नीम, दोन तास दे मला.”

तिने दिले. मी दोन दिवस घेतले.

डंपिंगच्या अलीकडे एक मोठी पत्र्याची शेड आहे. कचरा पुरण्याआधी तिथे वीस-पंचवीस बाया तो निवडतात. प्लास्टिक वेगळं, कापड वेगळं, धातू वेगळा. मधोमध एक पट्टा फिरत असतो आणि त्याच्या आवाजात सगळ्या ओरडून बोलतात. कामावर देखरेख हसुरामची. तो इथल्याच खाडीकाठच्या गावचा. वडिलांची भातशेती शहरात गेली, त्याने मजुरांचं कंत्राट घेतलं. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. त्याच दुपारी मी तिथे पोचलो.

“या साहेब! हास्पिटलवाले आमच्याकडं? कचरा परत न्यायला आयलाव काय?”

बाया हसल्या. मीही हसलो. रेक्झिनच्या बॅगेत मीटर होतं, त्याचा आवाज मी बंद केला होता. आमची पिशवी कोपऱ्यातल्या ढिगात सापडली. फाटलेली. काटा थोडा हलला. कागदी झगे होते, उशी नव्हती.

“यात एक उशी होती,” मी म्हणालो.

“उशी? काय हाय तिच्यात? सोना भरलाय काय?”

त्या क्षणी माझ्या तोंडात दोन वाक्यं होती. एक असं, की ती उशी अजून निवलेली नाही, ज्याच्याकडे असेल त्याने लगेच द्यावी, घरात लहान मूल असेल तर आत्ताच्या आत्ता. ते बोललो असतो तर अर्ध्या तासात सगळ्या शहराला कळलं असतं. फोन, बातम्या, चौकशी, अधिकारी म्हणून माझी सरकारी मान्यता, नोकरी. मी दुसरं वाक्य बोललो.

“हॉस्पिटलची मालमत्ता आहे. चुकून आलीय. परत हवी.”

हसुरामचा चेहरा बदलला. शेडचा नियम असा, की तिथली चिंधीसुद्धा घरी न्यायची नाही. तो वळून ओरडला, “कोनी नेली गो उशी? आता सांगा. नायतर उद्यापासून गेटवर झडती घेईन.”

पट्टा फिरत राहिला. मागून एक जण म्हणाली, “उशी व्हय? आमाला झोपाया टाइम कुठाय!” पुन्हा हशा झाला. बोललं कुणीच नाही.

आता वाटतं, बोलणार कशी? उशी धोक्याची आहे असं सांगितलं असतं तर नेणारी धावत आली असती. मी ती मालमत्ता केली, आणि त्याबरोबर नेणारीला चोर केलं. वीस जणींसमोर चोरी कोण कबूल करतं? त्या एका वाक्याने उशी आणखी एक रात्र त्या घरात राहिली. कुणाच्या घरात, ते मला माहीत नव्हतं. त्या रात्रीचं मी काही लिहीत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी शेडच्या फाटकाशी नळाजवळ जाऊन उभा राहिलो. सुटल्यावर बाया तिथे हातपाय धुतात. बॅगेची चेन थोडी उघडी ठेवून मी काट्यावर नजर ठेवली होती. एकेक जण पुढून जात होती. काटा स्थिर. दहावी, अकरावी. मला वाटायला लागलं, उशी बायांनी नेलीच नसेल, ती ढिगाखाली पुरली गेली असेल, आणि लाज वाटते सांगायला, मी तसं होऊ दे अशी प्रार्थना केली.

मग एक पन्नाशीची, सावळी, बुटकी बाई नळाशी वाकली आणि तिने डब्याची कापडी पिशवी माझ्या पायाशी ठेवली. काटा उठला.

मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारायला हवं होतं. पण मी नुसता त्या पिशवीकडे बघत राहिलो, आणि हसुराम माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं.

“गयाबाय,” तो म्हणाला, “तू?”

गयाबाई जालन्याकडच्या. दुष्काळात आलेल्या, नवरा गेलेला, सहा वर्षं शेडमध्ये काम. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्यांचा चेहरा दिसला, पाणी टपकणारा.  हसुरामच्या जीपमध्ये मागे बसल्यावर त्या बोलल्या.

“कचऱ्याच्या पिशवीत व्हती साहेब. फेकलेली. लेकीचं बाळंतपन हाय म्हनून ह्या पिशवीत कोंबून नेली, पाठीला लावाया. कुणाच्या कपाटातून न्हाई काढली.”

मी विचारलं, “बाळ किती दिवसांचं?”

“परवाच बारसं झालं.”

 लहान मुलाची थायरॉइड ग्रंथी आयोडीन मोठ्या माणसापेक्षा कितीतरी हावरटपणे घेते. हे मी दर वर्षी नव्या लोकांना शिकवत होतो.

डोंगराच्या बाजूला, जुन्या दगडखाणीखाली त्यांची खोली होती. दारात लाकडाची चूल, आत शेपूचा वास. त्यांची लेक वर्षा भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात उशी होती आणि उशीवर बाळ झोपलं होतं, मऊ दुपट्यात गुंडाळलेलं, एक मूठ बाहेर.

“वर्षा, उशी दे,” गयाबाई म्हणाल्या.

“का गं आई? आत्ताच झोपलीय ती.”

“दे म्हनते ना.”

मी आधी उशी उचलून प्लास्टिकच्या थैलीत घातली आणि जीपमध्ये ठेवून आलो, नाहीतर बाळाजवळचं मोजमाप खरं आलं नसतं. मग परत जाऊन बाळाच्या गळ्याशी मीटर धरलं. वर्षाने विचारलं, “हे कसलं मशीन?”

“जंतू बघायचं,” मी म्हणालो. दुसरं खोटं.

काटा हलला नाही. मी श्वास सोडला नाही, कारण मला माहीत होतं की हे मीटर अशा कामासाठी पुरेसं बारीक नाही. बाळाला रुग्णालयात नेऊन मोठ्या यंत्राखाली ठेवायला हवं होतं. पण मग का नेतोय ते सांगावं लागलं असतं. वर्षाचा पदर पाहिला, ठीक. गोधडी ठीक. दुपट्याशी काटा उठला. उशीचा घाम मुरलेला भाग नेमका त्याच्या खाली आला असणार.

“हेही न्यावं लागेल,” मी म्हणालो.

गयाबाईंनी बाळाला उचललं, दुपटं सोडवलं, आणि माझ्या हातात देता देता थांबल्या.

“दुपटं माज्या लुगड्याचं हाय, साहेब. ह्ये बी हास्पिटलचं हाय का?”

हसुराम दाराकडे बघायला लागला. वर्षा माझ्याकडे बघत होती. खरं सांगायची ही दुसरी संधी होती, आणि पहिलीपेक्षा सोपी, कारण समोर तिघंच होती. मी दुपटं घेतलं, त्यांची डब्याची पिशवीही घेतली आणि बाहेर पडलो. उघडं पडल्यामुळे बाळ रडायला लागलं, ते जीप वळेपर्यंत ऐकू येत होतं.

उशी, दुपटं आणि पिशवी तळघरात ठेवली. रजिस्टरात लिहिलं, ‘उशी पुन्हा साठवणीत.’ वर कळवलं नाही. तस्नीमला म्हणालो, “मिळाली. संपलं.” तिने विचारलं, “कुणाकडे होती?” मी सांगितलं. ती बराच वेळ रजिस्टरच्या कडा सारख्या करत राहिली.

दोन आठवड्यांनी हसुरामचा फोन आला. “तुमची चोर काढली साहेब. बाकीच्या बायांना पन जरब बसली. तुमी टेन्शन नका घेऊ.” मी म्हणालो, “अरे, काढायची काय गरज होती?” तो म्हणाला, “तुमीच बोललाव ना मालमत्ता?”  फोन ठेवताना मी त्याला ‘थँक यू’ म्हणालो, हे अजून आठवतं.

मग मी हिशेब केले. रुग्णालयाच्या संगणकावर, दार लावून. उशीत किती उरलं असेल, बाळापर्यंत किती पोचलं असेल, वाईटात वाईट धरून. दर वेळी उत्तर लहान यायचं. बाळाला काही होण्याची शक्यता फार फार कमी होती. पण ‘फार कमी’ आणि ‘काही नाही’ यांच्यातला फरक मला कळतो, माझा पगार त्याचाच होता. आणि प्रत्यक्ष मोजून खात्री करायची वेळ दर आठ दिवसांनी निम्मी होत चालली होती. तीन महिन्यांनी ती संपली. आयोडीन पुरावा ठेवत नाही.

तस्नीम सहा महिन्यांनी पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेली. निरोपाचा केक कापून झाल्यावर सगळे पांगले, तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली. “सर, मी त्या दिवशी तुम्हाला दोन तास दिले, ते द्यायला नको होते. माझीपण चूक आहे ती. पण मी फक्त गप्प बसले. तुम्ही उशी परत आणलीत, आता त्या बाईंचं काहीतरी करा.” मी म्हणालो, “बघतो.”

बघितलं नाही. आणखी काही महिने गेले. मग सरकारी तपासणी आली. तपासणीला आलेल्या बाई वयाने माझ्याहून पुष्कळ लहान होत्या. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

“‘पुन्हा साठवणीत’ म्हणजे?”

“चुकीच्या कप्प्यात गेली होती. योग्य कप्प्यात ठेवली.”

त्यांनी मान डोलावली, पान उलटलं, आणि मनापासून म्हणाल्या, “सर, तुमचं रजिस्टर आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलांना नमुना म्हणून दाखवतो.”

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडून बसलो. माझं अक्षर खरंच सुबक आहे. त्याच आठवड्यात मी सगळं लिहून काढलं, सह्या न मोजता केल्या इथपासून बाळाच्या दुपट्यापर्यंत, आणि ते रुग्णालयाला आणि वरच्या सरकारी यंत्रणेला दिलं. माझी मान्यता काढून घेतली. आता त्याच विभागात मी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आहे, पिशव्यांवर बंद केल्याची आणि सोडायची अशा दोन्ही तारखा लिहितात, आणि माझ्या एकट्याच्या सहीवर काहीही बाहेर जात नाही. हे योग्य आहे.

पण गयाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्ता काढायला आधी हसुरामकडे जावं लागलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो आधी घाबरेल. तो चिडला.

“साहेब, मना तुमी मालमत्ता सांगितलाव म्हनून मी तिला काढली. पंचवीस बायांसमोर चोर बोललो. सा वर्सं काम केलेली बाय. आता तुमी सांगताव चोर नव्हती? माज्या तोंडाचा काय?”

त्याचंही बरोबर होतं. मी त्यालाही खोट्यात ओढलं होतं.

गयाबाई करंजाड्याला एका नव्या सोसायटीत जिने झाडत होत्या. मी पार्किंगमध्ये उभा राहिलो. त्यांनी मला लगेच ओळखलं. झाडू खाली न ठेवता म्हणाल्या, “आता काय ऱ्हायलं न्यायचं?”

मी उभ्या उभ्या सांगितलं. उशीत काय होतं, ती कुणाच्या चुकीने गेली, मीटर जंतूंचं नव्हतं, दुपटं का नेलं.  मी थांबल्यावर झाडू भिंतीला टेकवून त्या पायरीवर बसल्या.

“लेकराला काय व्हईल?”

“बहुतेक काही नाही. मी बऱ्याचदा हिशेब केलाय, आमच्या मोठ्या साहेबांकडूनही करून घेतलाय. पण काहीच होणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा मोजलं असतं तर सांगता आलं असतं. मोजलं नाही.”

“मंग तवाच का न्हाई सांगितलं?”

“नोकरी जाईल अशी भीती वाटली.”

“आन मंग माजी गेली,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वर्षा आणि बाळाला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. बाळ आता धावणारी, कानात डूल घातलेली मुलगी होती. ग्रंथी ठीक होती. दर वर्षी तपासायची आहे, ते ठरलंय. डॉक्टरांच्या दारात मी गयाबाईंची माफी मागितली. त्यांनी हात हलवला, माशी वारावी तसा.

“हितं नगं. हितं मला कोन वळखतं? जितं चोर म्हनलं तितं म्हना.”

“हसुराम तुम्हाला परत कामावर घ्यायला तयार आहे.”

“काम नगं. झाडूत बरं हाय, वास न्हाई. तुमी फकस्त म्हना.”

म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. बऱ्याच बाया त्याच होत्या. गयाबाईंना बघून दोघी-तिघी कुजबुजल्या. एकीने मान फिरवली. गयाबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या आणि पट्ट्याच्या टोकाला, त्यांच्या जुन्या जागी उभ्या राहिल्या. हसुराम माझ्या कानाशी म्हणाला, “साहेब, थोडक्यात आटपा. उगाच भीती पसरंल.” मी बोलायला सुरुवात केली. चार वाक्यं बोललो असेन.

“काय म्हंतोय त्यो?” मागून कुणीतरी ओरडलं. “मशीनचा आवाज हाय!”

मला सुटल्यासारखं वाटलं. बोलून तर झालं होतं. पण गयाबाई तिथूनच म्हणाल्या, “मागच्यास्नी ऐकू न्हाई गेलं. पुन्यांदा.”

हसुरामने माझ्याकडे पाहिलं, मग जाऊन बटण दाबलं. पट्टा कुरकुरत थांबला.  सगळ्या हातमोजे घातलेले हात खाली सोडून उभ्या होत्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.

“ती उशी हॉस्पिटलने टाकून दिलेली होती. ती धोक्याची होती आणि चूक माझी होती, मी न तपासता ती तुमच्यापर्यंत येऊ दिली. मग माझी नोकरी वाचवायला मी इथे उभा राहून खोटं बोललो. गयाबाईंनी चोरी केली नाही. तेव्हाही नाही, कधीच नाही. त्यांच्या नातीच्या अंगावरचं दुपटं मी नेलं, ते त्यांच्याच लुगड्याचं होतं. गयाबाई, माझं चुकलं. मला माफ करा.”